चंद्रावरची ग्राँ प्री

शर्यतीत गाडी एकच, चालक एकच आणि प्रेक्षकही एकच. त्या एकुलत्या एक प्रेक्षकाच्या हातात १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता, म्हणून ही शर्यत आपल्यापर्यंत पोचली. तारीख २१ एप्रिल १९७२. ठिकाण चंद्रावरचा देकार्त नावाचा उंचवट्याचा प्रदेश. चालक अपोलो १६ चा कमांडर जॉन यंग, आणि कॅमेरा धरून उभा असलेला त्याचा सोबती चार्ल्स ड्यूक. नासाच्या वेळापत्रकात ही एक साधी चाचणी होती: गाडी वेगात न्यायची, जोरात वळवायची, करकचून थांबवायची आणि चाके मातीत कशी वागतात ते चित्रित करायचे. पण या चाचणीचे नाव मात्र थाटाचे होते, ‘ग्राँ प्री’. कुणा इंजिनिअरला ते सुचले असेल त्याला दाद द्यायला हवी, कारण पुढे जे घडले त्याचा अर्धा रस त्या नावात आहे.

मोटारशर्यतींच्या फिती मी आवडीने पाहतो. मोनाकोच्या अरुंद गल्ल्या, ल माँची रात्र, पावसातली स्पा, सगळे पाहून झाल्यावरही मी पुन्हा पुन्हा जातो तो या करड्या, हलत्या, धड फ्रेममध्ये न बसणाऱ्या काही मिनिटांकडे. मोटारशर्यतीची याहून चांगली फीत माझ्या पाहण्यात नाही. हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून जरा जवळून पाहू.

पहिल्यांदा पाहताना फारसे काही हाती लागत नाही. खाली राखाडी जमीन, वर काळेभोर आकाश, मधोमध एक रेघ. फिल्म रंगीत आहे, पण रंग दाखवण्यासारखे तिथे फारसे काही नाही. गाडी म्हणजे नुसता सांगाडा: छत नाही, दार नाही, बॉनेट नाही. दोन पट्ट्यांच्या खुर्च्या आणि पुढे उलट्या छत्रीसारखा अँटेना. डावीकडच्या खुर्चीत पांढऱ्या पोशाखातला यंग आणि उजवी खुर्ची रिकामी, कारण तिच्यात बसायचा माणूस कॅमेरा घेऊन बाहेर उभा आहे. गाडी लांब जाते, लहान होते, वळते, परत येते. वेग ताशी सुमारे १० किलोमीटर. म्हणजे सायकलचा.

दुसऱ्यांदा पाहताना गाडीकडे पाहू नये. तिच्या मागे पाहावे.

धूळ उडते आहे. चाकांमागून ती वर झेपावते, कमान धरते आणि खाली येते. संपले. मागे ढग राहत नाही. आपल्या कच्च्या रस्त्यावरून ट्रक गेला की धुरळा किती वेळ तरंगत राहतो, झाडांवर बसतो, नाकातोंडात जातो. ते इथे काहीच होत नाही. कारण धूळ तरंगते ती हवेच्या जिवावर, आणि इथे हवाच नाही. प्रत्येक कण चाकाने दिलेल्या वेगाने निघतो, आपली वाट एकट्याने पुरी करतो आणि जमिनीवर परत येतो. जाड कण आणि पिठासारखा कण यांत भेदभाव नाही. शाळेत तिरप्या फेकीची आकृती काढताना गुरुजी म्हणायचे, हवेचा विरोध शून्य धरा. या फितीत तो धरावा लागत नाही. आकृतीतली रेघ इथे लाखो कणांनी एकाच वेळी काढून दाखवली आहे, आणि तीही प्रत्येक चाकामागे वेगळी.

कमान एवढी उंच का जाते? थोडा हिशेब करून पाहा. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास. या वेगाने एखादा खडा सरळ वर उडाला तर पृथ्वीवर तो जेमतेम ४० सेंटिमीटर चढेल आणि अर्ध्या सेकंदाच्या थोडे वर हवेत राहील. चंद्रावर तोच खडा २.४ मीटरच्या जवळ जाईल आणि खाली यायला साडेतीन सेकंद घेईल. म्हणून ही गाडी सायकलच्या वेगाने जात असूनही तिच्यामागची धूळ स्पीडबोटीमागच्या पाण्यासारखी उसळते. डोळे धुळीवरून वेग मोजतात आणि फसतात. दिग्दर्शकाने मुद्दाम योजलेला हा परिणाम नाही, पण मोठा दिग्दर्शकही याहून चांगला योजू शकला नसता.

आता वळण. फितीतला सगळ्यात देखणा भाग हाच. यंग गाडी वळवतो आणि मागची बाजू घसरत बाहेर जाते. चंद्रावर वजन एक षष्ठांश होते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण वस्तुमान एक ग्रॅमनेही कमी होत नाही हे आपण विसरतो. चाकाची पकड वजनावर अवलंबून, गाडीचा पुढे जाण्याचा हट्ट वस्तुमानावर. म्हणजे हट्ट पूर्वीइतकाच आणि पकड सहावा हिस्सा. खड्ड्याच्या काठावरून जाताना चाके जमीन सोडतात आणि परत टेकायला घाई करत नाहीत. तेवढा वेळ सुकाणू कितीही फिरवले तरी उपयोग नाही. शर्यतीच्या चालकाची सारी विद्या ही पकड आणि तो हट्ट यांच्यामधल्या जागेत राहते. पृथ्वीवर ती जागा रुंद टायर, हवेचा दाब, गुळगुळीत डांबर यांच्याखाली झाकलेली असते. इथे ती उघडी पडली आहे.

गाडीबद्दल थोडे. लूनर रोव्हर बांधायचे कंत्राट बोइंगकडे होते. चाके, मोटारी, सुकाणू हा चालता भाग जनरल मोटर्सच्या सांता बार्बरा येथील लोकांनी केला. त्यांचा प्रमुख फेरेंत्स पावलिच हा १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेला. जमिनीवर चाक कसे चालते याचे शास्त्र ज्याने रचले तो मिएचिस्वाव बेकर मूळचा पोलंडचा. गाडीचे पृथ्वीवरचे वजन २१० किलो, आणि ती पेलायची त्याच्या दुपटीहून अधिक. प्रत्येक चाकाला स्वतःची पाव अश्वशक्तीची विजेची मोटार. चारही मिळून एक घोडा! टायर रबराचे नव्हते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पियानोच्या तारेची विणलेली जाळी आणि तिच्यावर टायटॅनियमच्या बाणाकृती पट्ट्या. ३६ व्होल्टच्या दोन चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या, पुन्हा चार्ज न होणाऱ्या. स्टीअरिंगचे चाक नाही, पेडल नाही, कारण अंतराळपोशाखातल्या बुटाला पेडलची जाण कुठून येणार? दोन खुर्च्यांच्या मध्ये टी आकाराचा एक दांडा: पुढे ढकला, गाडी पुढे, बाजूला कलवा, वळण, मागे ओढा, ब्रेक. पुढची आणि मागची चाके उलट दिशांना वळत, त्यामुळे गाडी तीन मीटरच्या त्रिज्येत फिरे. त्या दिवशी गाडी उतरवली तेव्हा मागचे सुकाणू बंद होते. नंतर ते आपणहून चालू झाले. कंत्राटापासून गाडी तयार होईपर्यंत फक्त १७ महिने लागले होते हे ध्यानात घेतले तर एवढा लहरीपणा माफ करावा.

आणि चालक. जॉन यंग हा नौदलाचा चाचणी वैमानिक, मितभाषी, कोरड्या विनोदाचा. १९६५ साली जेमिनी ३ या यानातून जाताना त्याने खिशातून कॉर्न्ड बीफचे सँडविच चोरून नेले होते आणि त्यावरून अमेरिकी संसदेत जाब विचारला गेला होता. ग्राँ प्रीमध्ये तो गाडी कशी चालवतो ते पाहण्यासारखे आहे. ड्यूक त्याला चढवतो आहे, अजून वळव, जोरात वळव, आता ब्रेक मार. यंग सांगितलेले सगळे करतो, पण कुठेही मर्यादेच्या पलीकडे जात नाही. या यंत्राच्या स्थैर्याबद्दल आपल्याला बराच विश्वास वाटतो, असे तो मधेच सांगतो. त्या बोलण्यात कौतुक आहे आणि चाचणी वैमानिकाचा अहवालही. ज्याला आपण ‘हात बसला’ म्हणतो तो हा असा, एका दिवसात बसलेला.

याच यंगचा पाय त्याच दिवशी काही तास आधी एका केबलमध्ये अडकला होता. चंद्राच्या पोटातली उष्णता मोजायच्या उपकरणाची ती केबल तुटली आणि कित्येक वर्षांचा खटाटोप करून पाठवलेला तो प्रयोग सुरू होण्याआधीच संपला. फुगलेल्या पोशाखात आपलेच पाय दिसत नाहीत, दोष द्यायचा कुणाला? पण ग्राँ प्री पाहताना हे आठवले की यंगच्या हातांची नजाकत जास्त जाणवते. पायी चालताना अडखळणारा हा माणूस चाकांवर बसल्यावर मोकळा होतो.

या फितीला आवाज आहे आणि नाहीही. चंद्रावर इंजिनाची घरघर ऐकू येणार नाही; एक तर इंजिन विजेचे, दुसरे म्हणजे आवाज वाहून न्यायला हवा नाही. कॅमेरा मुका. आज फितीबरोबर ऐकू येते ते रेडिओवरचे ड्यूकचे बोलणे, नंतर जुळवलेले. गाडीवर टीव्हीचा कॅमेरा होता, पण त्याचा अँटेना पृथ्वीकडे नेमका रोखावा लागे आणि ते गाडी उभी असतानाच जमे. म्हणजे शर्यत चालू असताना ह्यूस्टनला चित्र नव्हते. होता फक्त ड्यूकचा आवाज. चारपैकी दोनच चाके जमिनीवर आहेत, चारही चाकांमागे धुळीच्या मोठ्या कोंबडशेपट्या उडताहेत, वळताना मागची बाजू बर्फावर सुटावी तशी सुटते आहे, असला चालक इंडियानापोलिसनेही पाहिला नसेल... ज्यांनी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकले आहे, त्यांना ह्यूस्टनच्या त्या खोलीत बसलेल्यांची अवस्था वेगळी सांगायला नको. न दिसणारा खेळ आवाजातून उभा करणे ही एक कला आहे आणि ड्यूककडे ती होती. त्याचे वाक्य धावते, अडते, हसते. मधेच तो समालोचक राहत नाही, नुसता आनंदलेला माणूस होतो.

यात आणखी एक गंमत आहे. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले तेव्हा ह्यूस्टनहून त्यांच्याशी बोलणारा आवाज याच ड्यूकचा होता. त्या दिवशी तो इथे बसून तिथले ऐकत होता, काही दिसत नसताना. तीन वर्षांनी त्याने बाजू बदलली. ऐकणाऱ्याला काय हवे असते हे ज्याने स्वतः अनुभवले आहे त्याचेच समालोचन असे भरगच्च होऊ शकते.

नाट्यशास्त्रात भरताने वीररसापासून अद्भुतरसाची उत्पत्ती सांगितली आहे. अपोलोच्या बहुतेक फितींना हे सूत्र चपखल बसते: आधी रॉकेटचा पराक्रम, मग काळ्या आकाशात लटकलेल्या निळ्या गोलाचा विस्मय. त्या फिती पाहताना आपण आपोआप ताठ बसतो. ग्राँ प्रीत मात्र हास्य शिरते, आणि तेही अद्भुताला धक्का न लावता. हास्याची जागा आहे ती नक्कल करण्यात: एका माणसाने, एका घोड्याच्या शक्तीवर, सायकलच्या वेगाने केलेली मोटारशर्यतीची नक्कल. नावात थाट आणि करणीत खेळ. पण नक्कल करता करता खऱ्या शर्यतीत जे असते ते सगळे तिच्यात उतरते, घसरणे, सावरणे, चढाओढ नसतानाही चढणारा जोश, आणि तेव्हा हसता हसता आपण थबकतो. हे दोन रस एकत्र नांदणे दुर्मीळ. मला यातच या फितीचे मोठेपण दिसते.

आजचा वाचक विचारील, ही पर्यावरणस्नेही शर्यत म्हणायची का? गाडी विजेवर, धूर नाही, आवाज नाही, तेलाचा थेंब नाही. इतिहासातली सर्वांत स्वच्छ शर्यत! पण या गाडीला शर्यतीच्या जागी नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या एकट्या पहिल्या टप्प्याने साडेसात लाख लिटरांहून अधिक केरोसीन तीन मिनिटांच्या आत जाळले. शिवाय मोहीम संपल्यावर गाडी तिथेच टाकून दिली. अपोलो १५, १६ आणि १७ च्या तिन्ही गाड्या बॅटऱ्यांसकट अजून तिथे उभ्या आहेत.

हा खोडसाळ प्रश्न नाही. विजेच्या शर्यतींपुढे तो आजही उभा आहे. फॉर्म्युला ई ही विजेच्या गाड्यांची शर्यतमालिका सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला सुरू झाली. तिच्या कर्बभारातला मोठा वाटा गाड्यांचा नसून गाड्या आणि सामान एका खंडातून दुसऱ्या खंडात नेण्याचा असतो. ‘हिरवी शर्यत’ हे शब्द म्हणूनच मला फलकावरच्या रंगासारखे वाटतात. ऊन-पाऊस लागला की उडतात. खरी चव दुसरीकडे आहे. सुरुवातीच्या हंगामांत बॅटरी पूर्ण शर्यतभर पुरत नसे, आणि चालक अर्ध्यावर पिटमध्ये येऊन एका गाडीतून उडी मारून दुसऱ्या गाडीत बसे. लोक हसले. चार हंगामांनंतर आलेली नवी गाडी एका बॅटरीवर शर्यत पुरी करू लागली. मुंबईच्या महिंद्राचा संघ या मालिकेत पहिल्या दिवसापासून आहे. फेलिक्स रोझेनक्विस्टने २०१७ मध्ये बर्लिनला त्याला पहिला विजय मिळवून दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही शर्यत हैदराबादला हुसेनसागराच्या काठी झाली, पुढच्या वर्षीची रद्द झाली. या मालिकेत जिंकतो तो नुसता दामटणारा चालक नव्हे. कुठे पाय काढायचा, कुठे गाडी नुसती वाहू द्यायची, ब्रेक मारताना किती वीज परत मिळवायची, याचा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का तो जिंकतो. ताळेबंदाची ही शर्यत ज्याला कंटाळवाणी वाटते त्याने ती अजून नीट पाहिलेली नाही.

या ताळेबंदाचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र ऑस्ट्रेलियातले आहे. हान्स थोलस्त्रुप नावाच्या साहसी माणसाने लॅरी पर्किन्स या शर्यतवीराबरोबर १९८२-८३ मध्ये सूर्यावर चालणारी गाडी पर्थहून सिडनीला नेली आणि मग जगाला आव्हान दिले: डार्विनपासून ॲडलेडपर्यंत, उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ३,००० किलोमीटर, फक्त उन्हावर. नोव्हेंबर १९८७ च्या पहिल्या शर्यतीत जनरल मोटर्सची सनरेसर उतरली. झुरळाच्या पाठीसारखी चपटी, चमकती गाडी, पाठीवर सुमारे ८,८०० सौरघट. त्यांतले बहुतेक गॅलियम आर्सेनाइडचे, म्हणजे उपग्रहांच्या पंखांवर बसवतात त्या जातीचे. कारण जनरल मोटर्सने दोनच वर्षांपूर्वी उपग्रह बनवणारी ह्यूज कंपनी विकत घेतली होती. बॅटऱ्या चांदी-जस्ताच्या, ज्या जातीच्या यंगच्या गाडीत होत्या त्याच. सरासरी वेग ताशी ६६.९ किलोमीटर. दुसरी गाडी ॲडलेडला पोचली ती दोन दिवसांनी.

सनरेसरची शर्यत आणि ग्राँ प्री शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत एका घोड्याच्या बळावर घसरत-उसळत केलेली मौज. दुसरीत रस्ता सरळसोट, वळण नाही म्हणावे इतके विरळ, आणि सारे नाट्य आकाशात. ढग आला की वेग किती ठेवायचा? ढगाखालून पटकन निसटायचे की बॅटरी राखायची? संध्याकाळी पाचला जिथे असाल तिथे थांबायचे, गाडीची पाठ मावळत्या सूर्याकडे धरायची आणि मिळेल तेवढी वीज गोळा करायची. मोजक्याच ऊर्जेत किती लांब जाता येते हा प्रश्न अंतराळयानाचाही आहे आणि या गाडीचाही. दोघांना पेट्रोलपंप नाही.

सनरेसरमागचा मेंदू पॉल मॅकक्रेडीचा. माणसाच्या पायांच्या बळावर उडणारे गॉसमर कॉन्डर त्याने १९७७ मध्ये उडवले, सूर्यावर उडणारे सोलर चॅलेंजर १९८१ मध्ये इंग्लिश खाडीपार नेले. त्याची एअरोव्हायरन्मेंट ही कंपनी सनरेसरच्या अनुभवावर जनरल मोटर्ससाठी विजेची मोटार बनवायला बसली आणि त्यातून पुढे १९९६ ची ईव्ही१ आली. मॅकक्रेडी २००७ मध्ये वारला. १९ एप्रिल २०२१ रोजी इन्जेन्युइटी नावाचे इवलेसे हेलिकॉप्टर मंगळाच्या विरळ हवेत उडाले, तेव्हा त्याची पाती आणि पाय घडवणाऱ्यांत हीच कंपनी होती. उपग्रहाचे घट शर्यतीत आले आणि शर्यतीत काटकसर शिकलेले हात मंगळापर्यंत गेले. सरळ वंशावळ मांडण्याचा मोह मला नाही. मधे बरेच लोक, बरेच पैसे आणि बरेच योगायोग आहेत. पण ही ये-जा खरी आहे.

अंतराळ संशोधनाचा उपयोग काय, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेली उत्तरे आहेत. मासिकांतून, निबंधांतून टेफ्लॉनचे नाव हमखास येते. टेफ्लॉनचा शोध १९३८ चा; चंद्राचा त्याच्याशी काही संबंध नाही. असल्या याद्यांनी प्रश्न विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि उत्तर देणाऱ्याचेही. ग्राँ प्रीच्याच दिवशी, यंग आणि ड्यूक बाहेर असताना, ह्यूस्टनहून बातमी आली की प्रतिनिधिगृहाने अंतराळाचा अर्थसंकल्प मंजूर केला आहे आणि त्यात स्पेस शटलचे पैसे आहेत. देशाला त्या शटलची फार गरज आहे, असे यंग तिथूनच म्हणाला. अपोलोच्या पुढच्या मोहिमा तोवर कापल्या गेल्या होत्या, एकच उरली होती. एप्रिल १९८१ मध्ये शटल पहिल्यांदा उडाले तेव्हा त्याच्या चालकाच्या जागी यंगच होता. शटलचा हिशेब पुढे फारसा जुळला नाही, हेही सांगायला हवे. तरी चंद्रावर उभे राहून पुढच्या यानाची काळजी करणारा हा माणूस त्यानंतर काही तासांनी गाडी घसरवत मौज करतो, आणि या दोन गोष्टींत त्याला विसंगती वाटत नाही, हे मला कोणत्याही यादीपेक्षा जास्त पटते. यंत्र कुठवर टिकते हे त्याला काठावर नेल्याशिवाय कळत नाही. ग्राँ प्रीत ते काम आणि तो खेळ एकाच दांड्याने चालतो.

आपल्या प्रज्ञानची चाल अगदी निराळी. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ मधून उतरलेली ती सहा चाकांची २६ किलोची गाडी सेकंदाला एक सेंटिमीटर सरकायची. चांद्रदिवस संपेपर्यंत तिने जेमतेम १०० मीटर अंतर कापले. तिच्यामागे कोंबडशेपटी उडण्याचा प्रश्नच नव्हता. वेळ, वीज आणि पैसा तिघांचीही चणचण असलेल्या गाडीची ती चाल आहे आणि तिचा डौल निराळा आहे. यंगची फीत द्रुतातली म्हटली तर ही विलंबितातली.

फितीचे दोषही सांगतो. हेल्मेटमुळे कॅमेरा डोळ्याला लावता येत नाही, त्यामुळे ड्यूक अंदाजाने रोखतो. गाडी फ्रेमच्या कडेला जाते, कधी क्षितिज कलते. दूर गेलेली गाडी नेमकी किती दूर आहे हे कळत नाही, कारण चंद्रावर झाड नाही, खांब नाही, घर नाही. मापाला काही नाही. मोजपट्टी म्हणून एकच वस्तू हाताशी आहे, ती म्हणजे खुद्द गाडी.

हीच मोजपट्टी चाळीस वर्षांनी कामाला आली. कोलोरॅडो विद्यापीठातले श्यांग-वेन श्यू आणि मिहाय होरान्यी यांनी २०१२ मध्ये या फितीतल्या कोंबडशेपट्या फ्रेममागून फ्रेम मोजल्या. धुळीच्या कमानी तिरप्या फेकीच्या सूत्राने तपासल्या आणि त्यांतून चंद्राचे गुरुत्वाकर्षण काढले. ते इतर मार्गांनी ठाऊक असलेल्या आकड्याशी जुळले. फीत घेतली होती चाकांसाठी, वाचली गेली धुळीसाठी.

महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना हा प्रयोग वर्गात करता येण्याजोगा आहे. नासाची ही फीत फुकट मिळते. गाडी कॅमेऱ्यासमोरून आडवी जाते ते तुकडे निवडावेत, मूळ फिल्मचा सेकंदाला फ्रेमचा वेग नीट तपासून घ्यावा, कारण पुष्कळ प्रतींमध्ये तो बदललेला असतो. चाकाचा व्यास ८२ सेंटिमीटर धरावा. मग एका शेपटीचे टोक पकडून ते कुठल्या फ्रेममध्ये किती वर आहे ते लिहीत जावे. त्यावरून काढलेले गुरुत्वत्वरण १.६ (मीटर प्रति सेकंदवर्ग) च्या जवळपास आले पाहिजे. ९.८ आले तर फ्रेमचा वेग पुन्हा तपासा.